धावणारे आणि घड्याळ धरणारे

मराठी भाषेने पळण्याला कधी बरे म्हटलेले नाही. रणांगणातून मागे फिरतो तो पळपुटा. काम टाळावयाचे असले म्हणजे शोधावयाची ती पळवाट. आणि घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न झाले की मुलगी ‘पळून गेली’ असे शेजारी कुजबुजतात. धावण्याचे मात्र तसे नाही. अडीअडचणीला जो येतो तो धावून येतो. भक्त देवाचा धावा करतो आणि देवाला पावावयाचेच असले तर तोही धावतच येतो. पाय तेच, रस्ता तोच, वेगही कदाचित तोच. परंतु पळणारा कशापासून तरी दूर जात असतो आणि धावणारा कशाकडे तरी जात असतो. दोन्ही शब्द एकत्र केले की त्यांची धावपळ होते, आणि ती कोठून कोठे चालली आहे हे तर कोणालाच सांगता येत नाही.

वर्गात हा फरक मी कित्येक वर्षे समजावून देत आले. पण चार वर्षांपूर्वी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, मी स्वतः पहाटे रस्त्यावर धावू लागले तेव्हा आमच्या इमारतीतल्या आजोबांनी पहिला प्रश्न केला तो असा : “काय हो, मागे कोणी लागलंय का?” म्हणजे त्यांच्या लेखी मी पळतच होते. मध्यमवर्गातल्या प्रौढ माणसाने रस्त्यावर धावावयाचे ते बस चुकली तरच, अशी आपली समजूत होती. ती आता हळूहळू सुटत चालली आहे. पुण्यात, ठाण्यात, नाशकात, साताऱ्यात, नागपुरात पहाटे पाचच्या सुमारास घराबाहेर पडून पाहा. अर्ध्या विजारीतले गृहस्थ, टोपी घातलेल्या गृहिणी, पोटाचा घेर कमी करण्याचा पण केलेले तरुण असे घोळके दिव्यांच्या खांबाखालून पुढे सरकताना दिसतील. ही धावणाऱ्यांची मंडळे होत. त्यांतल्याच एका मंडळाची ही वर्षभराची हकीकत. मंडळाचे नाव सांगण्याचे कारण नाही. एकाची सांगितली की थोड्याफार फरकाने सगळ्यांची होते.

आमच्या पटावर साठ-पासष्ट नावे आहेत. पैकी रोज हजर असतात ती पंचवीस-तीस. शाळेच्या पटासारखेच हे. गैरहजेरीची कारणेही शाळेतलीच! बँकेतले एक अधिकारी आहेत, दातांचे एक डॉक्टर आहेत, हिशेबतपासनीस आहेत, संगणकाच्या कंपन्यांतले इंजिनियर तर पुण्यात असावयाचेच. एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत. आणि एक आहेत महापालिकेच्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, वय त्रेसष्ट. त्यांना लहानथोर सगळे ‘बाई’ म्हणतात. पंजाबी पोशाख, वर ओढणीची कमरेला गाठ, पायात धावण्याचे बूट आणि गळ्यात दोरीने अडकवलेले जुने सेकंद-घड्याळ. हे घड्याळ त्यांच्या शाळेतल्या क्रीडास्पर्धांपासूनचे. बाकीच्यांच्या मनगटावर उपग्रहाकडून अंतर विचारून घेणारी महागडी घड्याळे आहेत. पण भांडण झाले की निकाल बाईंच्या घड्याळाचा.

गुरुवारी टेकडी, मंगळवारी मैदान, रविवारी लांबची धाव, असा आमचा आठवडा. रविवारी धावून झाले की पोहे आणि अमृततुल्यातला चहा. जेवढी उष्णता धावून जाळली त्याहून अधिक पोह्यांत परत येते, असे आमचे हिशेबतपासनीस दर रविवारी सांगतात आणि दुसरी बशी मागवतात. बोलण्याचे विषय ठरलेले : गुडघे, बुटांच्या किमती, कोणाला कोठले तेल मानवले, आणि ‘वेळ’. ह्या वेळेचे वेड मोठे विलक्षण असते. एकवीस किलोमीटरची अर्ध-मॅरेथॉन दोन तासांच्या आत संपवणे हे आमच्यापैकी अनेकांचे जन्माचे ध्येय आहे. मी त्यांना एकदा सांगितले, की आपल्या जुन्या मोजणीत चोवीस सेकंदांचे एक पळ आणि साठ पळांची एक घटका. तेव्हा तुमचे दोन तास म्हणजे नेमक्या पाच घटका. एका इंजिनियरने तत्काळ गणित केले आणि म्हणाला, “मग मॅडम, मला अजून पंधरा पळं कमी करायची आहेत.” पळण्याचा आणि पळाचा असा संबंध जुळलेला पाहून माझ्यातली मराठीची शिक्षिका मनातून सुखावली.

आम्ही जेथे जमतो तेथून डेक्कन जिमखान्याचे मैदान फार लांब नाही. त्याची आठवण येथे केलीच पाहिजे, कारण भारताची ऑलिंपिकची वाट ह्या मैदानावरून गेली आहे. जिमखाना स्थापन झाला १९०६ साली. पहिले महायुद्ध संपल्यानंतरच्या दिवसांत तेथे क्रीडास्पर्धा भरल्या, तेव्हा जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा बक्षीससमारंभाला होते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरलेली माणसे शेतकरी वर्गातली होती. ती अनवाणी धावत होती आणि शास्त्रोक्त शिक्षण त्यांना कोणी दिलेले नव्हते. त्यांनी घेतलेला वेळ युरोपातल्या नामांकित धावपटूंच्या जवळपास जात होता, हे टाटांच्या ध्यानात आले. पुढे बऱ्याच वर्षांनी एका पत्रात त्यांनी ही हकीकत लिहून ठेवली आहे. त्यांनी खटपट केली, पैसा उभा केला, स्वतःचाही घातला, आणि १९२० साली बेल्जममधल्या अँटवर्पला भारताचा छोटासा संघ गेला. त्यात बेळगावकडचे फडेप्पा चौगुले होते. त्या वर्षीची मॅरेथॉन आजच्यापेक्षा थोडी लांब, ४२.७५ किलोमीटरांची होती. आज सर्वत्र मानले जाणारे ४२.१९५ किलोमीटरांचे अंतर १९२१ साली कायम झाले. चौगुले त्या शर्यतीत एकोणिसावे आले, २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत. संघातले दुसरे मराठी धावपटू सदाशिव दातार ह्यांना ती शर्यत पुरी करता आली नाही.

एकोणिसावा क्रमांक म्हणजे काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. त्याने एकवार पहाटे उठून बेचाळीस किलोमीटर नुसते चालून यावे आणि मग बोलावे.

मला ह्या हकीकतीत ऑलिंपिकपेक्षाही एक दुसरे चित्र दिसते. रस्त्यावर धावणारी माणसे अनवाणी, खेड्यातली. आणि कडेला हातात घड्याळ घेऊन उभी असलेली माणसे बूट घातलेली, शहरातली. त्या घड्याळवाल्यांना मी नावे ठेवत नाही. घड्याळ धरणारा कोणी नसता तर धावणाऱ्यांचा वेळ कोणाला कळलाच नसता. पण शंभर वर्षांनंतर मौज अशी झाली आहे की घड्याळवालेच आता रस्त्यावर उतरले आहेत. ते शर्यतीचे शुल्क भरतात, छातीवर क्रमांक लावतात, गळ्यात पदक घालून छायाचित्र काढतात. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली, मुंबईची २००४ साली; पूर्वी ह्या शर्यती म्हणजे गॅलरीत उभे राहून पाहावयाची गोष्ट होती. आता जानेवारीतल्या त्या रविवारी मुंबईला आमच्या मंडळातले दहा-बारा जण असतातच. पेडर रोडचा चढ कोणी चालत काढला आणि कोणी धावत, ह्यावर पुढचा महिनाभर चर्चा चालते.

आणि खेड्यातली माणसे? ती धावतच आहेत, आणि आपल्या कितीतरी पुढे धावत आहेत. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत ह्यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक मिळवले. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावण्याच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचल्या आणि दहाव्या आल्या. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे हा वीटभट्टीवर राबलेल्या आईवडिलांचा मुलगा. त्याने ह्याच प्रकारात २०२२ साली बर्मिंगहॅमला राष्ट्रकुलचे रौप्य आणि २०२३ साली हांगझोला आशियाई सुवर्णपदक मिळवले. बारामतीला लता करे ह्या साठी उलटलेल्या बाई नऊवारी लुगड्यात, अनवाणी धावल्या. नवऱ्याच्या आजारपणासाठी पैसे हवे होते म्हणून धावल्या, आणि ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. त्यांच्या नावाचाच मराठी चित्रपट २०२० साली पडद्यावर आला आणि त्यात त्यांची भूमिका त्यांनी स्वतःच केली.

आम्ही रक्तातली साखर उतरावी म्हणून धावतो. ही माणसे घर वर यावे म्हणून धावतात. रस्ता एकच असतो, आणि बहुतेक वेळा एकमेकांकडे न पाहताच आम्ही त्यावरून जातो.

ह्या वर्षी आमच्या मंडळात वादळ झाले ते मात्र निराळ्याच कारणावरून. मार्च महिन्यात पोस्टमास्तरांच्या छातीत दुखले आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांत दोन स्टेंट बसवावे लागले. पुढे डॉक्टरांनी चालण्याची परवानगी दिली, तेव्हा ते पुन्हा पहाटे येऊ लागले. प्रथम चालत, मग दोन मिनिटे चाल आणि अर्धा मिनिट धाव असे. त्यांच्याबरोबर रोज कोणी ना कोणी मागे राहत असे. ठरवून दिलेले असे काही नव्हते, पण राहत असे. बाईही मागेच असत. त्यांना एका किलोमीटरला नऊ मिनिटे लागतात. जूनमध्ये सात-आठ नवे तरुण दाखल झाले. जानेवारीच्या मुंबईसाठी त्यांची तयारी सुरू होती. रविवारची धाव संपवून शेवटचा माणूस येईपर्यंत अर्धा-अर्धा तास थांबणे त्यांना मानवेना. त्यांच्यातल्या एकाने, बोलावयास अतिशय सभ्य असा हा मुलगा, रीतसर सूचना मांडली : वेगाप्रमाणे दोन गट करावेत, मंद गटाने निराळ्या वेळी आणि निराळ्या रस्त्याने जावे, म्हणजे कोणाचाच खोळंबा होणार नाही.

तसे पाहिले तर सूचना अगदीच चुकीची नव्हती. घामाने भिजलेल्या अंगाने उभे राहिले की स्नायू आखडतात हे खरे आहे. पण पोह्यांच्या बशा तशाच राहिल्या आणि वाद पेटला. हिशेबतपासनीस म्हणाले, वर्गणी सगळ्यांची सारखीच आहे. दातांचे डॉक्टर म्हणाले, पहाटेच्या अंधारात दोन बायका आणि एक हृदयरोगी ह्यांना निराळ्या रस्त्याने पाठवावयाचे, ही कल्पना कोणाला सुचतेच कशी? हा मुद्दा बायकांना अधिक कळतो. पुणे कितीही सुरक्षित म्हटले, तरी पावणेसहाच्या आधी एकट्या बाईने टेकडीच्या पायथ्याला धावावयाचे म्हणजे भटकी कुत्री, बंद दिवे आणि मोटारसायकल मुद्दाम हळू करणारे सद्गृहस्थ ह्यांतून वाट काढावयाची. आमच्यापैकी कित्येक जणी मंडळात आल्या त्या वेगासाठी नव्हे; सोबतीसाठी आल्या. बायकांना ही वाट तशी जगात कोठेच सहज मिळालेली नाही. अमेरिकेत १९६७ साली बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये कॅथरिन स्विट्झर ही तरुणी २६१ क्रमांक लावून धावत होती, तर शर्यतीच्या एका अधिकाऱ्याने धावत येऊन तिचा क्रमांक ओढण्याचा प्रयत्न केला. तेथे स्त्रियांना रीतसर प्रवेश मिळाला १९७२ साली, आणि ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन आली ती १९८४ साली.

वादाच्या भरात मी त्या दिवशी एक गोष्ट सांगितली; ती वाचकांनाही सांगते. न्यूझीलंडमध्ये आर्थर लिडियार्ड नावाचे एक गृहस्थ होते. बुटांच्या कारखान्यात काम करता करता स्वतःवर प्रयोग करून त्यांनी धावण्याच्या शिक्षणाची एक पद्धत बसवली. त्यांच्या शिष्यांनी १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके मिळवली. पण माझ्या मते त्यांचे खरे काम पुढचे आहे. १९६२च्या सुमारास ऑकलंड शहरात पोट सुटलेल्या, हृदयविकार झालेल्या प्रौढ माणसांना त्यांनी एकत्र केले आणि हळू धावावयास लावले. इतके हळू, की शेजारच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. त्या काळी हृदयविकाराच्या रोग्याला पलंगावर पडून राहण्याचा सल्ला मिळे. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतले नामवंत प्रशिक्षक बिल बॉवरमन लिडियार्डकडे पाहुणे म्हणून गेले. वय एक्कावन्न. एका रविवारी ह्या मंडळींबरोबर ते धावावयास निघाले आणि थोड्याच वेळात त्यांना धाप लागून ते मागे पडले. तेव्हा सत्तरी ओलांडलेला एक म्हातारा, ज्याला हृदयविकाराचे झटके येऊन गेलेले होते, मुद्दाम मागे राहिला आणि शेवटपर्यंत त्यांच्या सोबतीने धावला. बॉवरमन शरमले असतील, पण शहाणे होते. परत गेल्यावर त्यांनी आपल्या गावात सामान्य नागरिकांना घेऊन हाच उपक्रम सुरू केला. पुढे एका हृदयरोगतज्ज्ञाबरोबर त्यावर पुस्तक लिहिले, आणि अमेरिकेत घरोघरी धावण्याची लाट आली ती बरीचशी ह्यातून. त्याच बॉवरमननी १९६४ साली आपल्या एका विद्यार्थ्याबरोबर बुटांचा धंदा काढला. त्या धंद्याला पुढे नायकी हे नाव मिळाले, आणि आज आमच्या निम्म्या मंडळाच्या पायांत तेच बूट असतात. तो म्हातारा त्या दिवशी पुढे निघून गेला असता, तर काय झाले असते कोणास ठाऊक!

गोष्टीने वाद मिटत नाहीत, पण जरा निवतात. तोड काढली ती पोस्टमास्तरांनी. ते म्हणाले, “आगगाडीच्या शेवटच्या डब्यात गार्ड असतो. इंजिन कितीही जोरात पळो, गार्डाने हिरवा झेंडा दाखवल्याशिवाय गाडी सुटत नाही. आपल्याकडेही गार्ड नेमा, पाळीपाळीने.” तेव्हापासून दर रविवारी एक जण गार्ड असतो. त्याने सर्वांत शेवटच्या माणसाबरोबर राहावयाचे. बाकीच्यांनी थांबण्याचे कारण नाही. खुशाल पोहे मागवावेत. ज्या मुलाने सूचना मांडली होती त्याची पाळी तिसऱ्याच रविवारी आली. त्या दिवशी परत येताना तो आणि बाई अपूर्णांकांच्या बेरजा शिकवण्याच्या पद्धतीवर इतके रंगून बोलत होते, की चहाची टपरी ओलांडून पुढे गेले.

गार्डाचे महत्त्व किती, हे कळावयाचे तर शर्यतीत शेवटच्या शंभरांत असावे लागते. एका शर्यतीत – आयोजकांचे नाव घेत नाही – आम्ही मागच्या बायका सतरा किलोमीटरच्या टप्प्यावर पोचलो तेव्हा पाण्याची टेबले आवरून झाली होती, आणि शेवटी पदकेही संपली होती. पैसे मात्र पहिल्या येणाऱ्याइतकेच घेतले होते. साताऱ्याच्या डोंगरावरच्या अर्ध-मॅरेथॉनची आठवण ह्याच्या अगदी उलट आहे. ही शर्यत तिथल्या धावणाऱ्यांच्या मंडळाने २०१२ साली सुरू केली. २०१५ साली २,६१८ माणसे एकाच वेळी डोंगरी शर्यतीत धावली म्हणून तिची गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढतो आणि कासच्या वाटेवरून परत फिरतो. सप्टेंबरातले धुके, खाली सातारा, आणि कडेला ढोल-ताशे घेऊन उभी असलेली शाळेची मुले. पहिल्या माणसासाठी जेवढा ढोल वाजला तेवढाच तीन तासांनी येणाऱ्या आमच्यासाठीही वाजत होता. वारीला माणसे वाटेवर पाणी घेऊन उभी राहतात, ती काही पहिल्या दिंडीपुरती नव्हे. ही सवय साताऱ्याच्या माणसांना मुद्दाम शिकवावी लागली नसावी.

आता ह्या वर्षातली सर्वांत महत्त्वाची बातमी. मंगळवारी आम्ही ज्या मैदानावर जातो तेथे पोलीसभरतीची तयारी करणारी मुलेमुली आमच्याही आधी आलेली असतात. पुण्यात अशी हजारो आहेत. पेठांतल्या एका खोलीत चार-पाच जणींनी राहावयाचे, मेसचा डबा खावयाचा, दिवसभर अभ्यासिकेत बसावयाचे आणि पहाटे मैदानी चाचणीसाठी धावावयाचे. मुलांना १,६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. त्या काही सेकंदांवर गुण, आणि गुणांवर नोकरी. त्यांतली एक मुलगी मराठवाड्यातून आलेली, वीस-एकवीस वर्षांची. तिच्या बुटाचा तळ पुढून सुटलेला होता आणि तिने तो दोऱ्याने बांधलेला होता.

आमच्यात धावण्याचे बूट सहा-सातशे किलोमीटर झाले की बदलतात. वरून ते नवेच दिसतात. बँकेतल्या अधिकाऱ्यांच्या पत्नींनी आपला एक जोड स्वच्छ धुऊन, पिशवीत घालून आणला आणि मोठ्या मायेने तिच्यापुढे धरला. मुलीने हात मागे घेतले.

“उतरलेले बूट नको मला,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. मग बाईंच्या गळ्याकडे बोट करून म्हणाली, “तुमच्याकडं घड्याळ हाय ना, बाई? तेवढं धरा. माझी येळ बघायला कोणी नाही. मोबाईल हातात घेऊन पळलं की हात हालत नाहीत.”

पिशवी हातात तशीच राहिली. त्या बाईंना वाईट वाटले हे स्पष्ट दिसत होते, आणि मुलीचे चुकले असेही कोणाला म्हणता येईना. बाईंनी मात्र एक शब्द न बोलता गळ्यातली दोरी काढली आणि रेघेवर जाऊन उभ्या राहिल्या. दोन फेऱ्या. ३ मिनिटे २१ सेकंद.

त्यानंतरचे प्रत्येक मंगळवारी घडत गेले. बाईंनी चाळीस वर्षे पहिली-दुसरीची मुले सांभाळलेली. त्यांना धावण्याचे शास्त्र कळते असे नाही, पण वहीत नोंद ठेवणे कळते. तारीख, पहिल्या फेरीची वेळ, दुसऱ्या फेरीची वेळ. तीन आठवड्यांच्या आकड्यांवरून त्यांनीच काढले की मुलगी पहिली फेरी फार जोरात घेते आणि दुसरीत मोडते. सभ्य इंजिनियर मुलगा मग तिच्या पुढे दोन पावले धावू लागला, ठरलेल्या वेगाने. पहिल्या फेरीत त्याला ओलांडावयाचे नाही एवढीच अट. तिच्या खोलीतल्या आणखी तिघी आल्या. पोस्टमास्तर गोळा जेथे पडेल तेथे खुणेची काडी रोवू लागले. वाकण्याचा व्यायाम डॉक्टरांनी सांगितलाच होता, असे त्यांचे म्हणणे. ऑगस्टच्या अखेरीस वेळ ३ मिनिटे ४ सेकंदांवर आली. बूट तिने गावाकडून आलेल्या पैशांतून स्वतः घेतले, लक्ष्मी रस्त्यावरून, घासाघीस करून. आणि ते प्रथम दाखवले बँकेतल्या अधिकाऱ्यांच्या पत्नींना. “पुढून रुंद आहेत का बघा,” म्हणून त्यांचा अंगठा बुटावर दाबून घेतला. दोघींमधले अवघडलेपण तेव्हा गेले.

भरतीत काय होईल हे आज सांगता येत नाही. जागा थोड्या, उमेदवार अफाट, आणि मैदानानंतर लेखी परीक्षा आहेच. गेल्या वेळी ती मैदानात निघाली होती आणि लेखीत राहिली. तेव्हा मराठी व्याकरणाचा भाग मी घेते, रविवारी पोह्यांनंतर अर्धा तास, टपरीच्या मागच्या बाकावर. परवा समानार्थी शब्द चालले होते. मी विचारले, पळणे आणि धावणे ह्यांत फरक काय? चौघी एकमेकींकडे पाहू लागल्या. मग ती म्हणाली, “आमच्याकडं समदे पळणेच म्हणतात, मॅडम.” माझ्या वीस वर्षांच्या व्याख्यानाला एवढे मोकळे उत्तर कोणी दिलेले नव्हते.

बाईंनी डिसेंबरातल्या एका दहा किलोमीटरच्या शर्यतीसाठी नाव नोंदवले आहे. आजवर त्या एवढे अंतर शर्यतीत धावलेल्या नाहीत. नरकचतुर्दशीला सगळे पुणे पहाटे उठतेच, तेव्हा अभ्यंगस्नानाच्या आधी मैदानावर पंचवीस फेऱ्यांची रंगीत तालीम ठरली आहे. गार्ड म्हणून पोस्टमास्तरांनी आपले नाव दिले आहे. पहिल्या दहा फेऱ्यांपर्यंतच, अशी डॉक्टरांची अट. चौघी मुलींपैकी दोघी दिवाळीला गावी गेल्या, दोघी राहिल्या आहेत. घड्याळ त्यांच्यापैकी एकीच्या गळ्यात असणार आहे, आणि वहीसुद्धा तिने आधीच आखून ठेवली आहे : पंचवीस ओळी, प्रत्येक ओळीला एक रकाना वेळेचा आणि एक पाण्याचा.